बूड ठोकलेली अधोली

मित्रांनो, मी एक जुनी पितळी अधोली आहे. अधोली हे नाव तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलंही नसेल, म्हणून आधी तेवढं सांगते. काट्यावर तोलून विकायची पद्धत खेडोपाडी रुळली त्याआधी धान्य मापाने विकलं जाई. पायली हे मोठं माप आणि पायलीच्या निम्मी ती अधोली. उभी गोल भिंत, खाली बूड, वर जाड काठ, एवढाच माझा देह. बाकी सगळी पोकळी. मापाची किंमत त्या पोकळीत असते. पत्रा कितीही चकचकीत असला तरी आतली जागा ठरल्याएवढी नसेल तर ते माप नव्हे, नुसतं भांडं.

बेंबळीच्या बाजारात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. ती खोटी आहे. कुणा परक्याने ती सांगितली असती तर मी एवढी दुखावले नसते. पण ज्यांनी सांगितली, त्यांच्या हातात माझं सगळं आयुष्य गेलं आहे.

माझा जन्म मुरूमच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने पितळेचा पत्रा गोल वाकवला, सांधा जोडला, खाली बूड बसवलं. मग एक काम केलं, ते मी कधी विसरणार नाही. त्याच्याकडे एक जुनं, खात्रीचं माप होतं. ते त्याने ज्वारीने भरलं, काठावरून लाकडी पट्टी फिरवली आणि तीच ज्वारी माझ्यात ओतली. मूठभर उरली. त्याने मला आतून हलक्या हाताने ठोकलं, पुन्हा ओतली. चिमूटभर उरली. पुन्हा ठोकलं. शेवटी ज्वारी माझ्या काठाशी येऊन थांबली, न उरली, न कमी पडली. तेव्हा तो मला उंच धरून म्हणाला, "झाली बघा. आता ही खोटं बोलायची न्हाय."

मला विकत घेतलं दगडोबांनी. बेंबळीच्या शिवारात त्यांची कोरडवाहू जमीन होती. मूग, उडीद, थोडी चवळी पिकायची. ते आणि त्यांच्या पत्नी कडूबाई दर बाजारच्या दिवशी लिंबाखाली ताडपत्री अंथरून बसत. ओतायचं काम दगडोबांचं, मोजायचं कडूबाईंचं. पहिलं माप भरलं की त्या 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, असं.

तुम्ही कधी मापाने धान्य घेताना पाहिलं असेल तर तुम्हांला शीग ठाऊक असेल. काठापर्यंत भरून झाल्यावर वर आणखी ओततात आणि धान्याचा उतरता ढीग होतो, ती शीग. प्रत्येक धान्याची शीग वेगळी. मूग गुळगुळीत असतो, तो घसरतो, त्याची शीग बसकी. शेंगा एकमेकींत अडकतात, त्यांची शीग उंच. किती उंच चढायचं हे ते धान्यच ठरवतं, विकणाऱ्याने फक्त हात आखडायचा नाही. दगडोबा आखडत नसत. दाणे काठावरून आपोआप खाली ओघळू लागेपर्यंत ते ओतत राहत, आणि मगच मला गिऱ्हाइकाच्या पिशवीत पालथं करत.

वर्षांमागून वर्षं अशी भरताना, आपटताना, धान्याच्या भाराने माझं बूड हळूहळू बाहेर फुगलं. सपाट जमिनीवर ठेवलं की मी जरा डुलायची. एकदा कडूबाई म्हणाल्या, "अवो, हिचं बूड फुगलंय. जास्त जातंय आपलं."

दगडोबा हसले. "जाऊ दे. जास्त गेलं म्हणून भांडायला आजवर कोण आलंय का?"

दगडोबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बाजार बदलला. काटे आले, मग आकडे दाखवणारे काटे आले, पैसे मोबाइलवर येऊ लागले. पण लिंबाखालच्या आमच्या ओळीत मी टिकले. बायका यायच्या आणि म्हणायच्या, "काटा ठेव बाजूला कडूबाई, अधोलीनं दे. शीग लावून दे." मला फार बरं वाटायचं.

माझा सगळ्यांत आवडता काळ म्हणजे पावसाळा सरतानाचा. भादवा उतरतो, ढग विरळ होतात, सकाळी गवतावर दव असतं आणि दुपारी ऊन चांगलंच चटकतं. त्या दिवसांतला बाजार तुम्ही एकदा पाहायलाच हवा. नवा मूग आलेला असतो, इतका हिरवा की वर्षभराच्या जुन्या मुगाशेजारी ठेवला तर जुना राखाडी दिसावा. उडदाला अजून शेतातल्या मातीचा वास असतो. ओल्या शेंगांची पोती उघडली की ओलसर, गोडसर वास पसरतो आणि येणारा जाणारा प्रत्येक जण एक शेंग उचलून फोडतो. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. डोंगराकडच्या बायका सीताफळांच्या पाट्या घेऊन येतात, डोळे उघडलेली फळं वर आणि कच्ची खाली. काकड्या, घोसाळी, अंबाडीची लाल बोंडं, कणसं. नवरात्र जवळ आलेलं असतं, म्हणून झेंडूचे पहिले ढीग. पोरं ऊस तोडत फिरतात. ऊन कलतं तसा प्रत्येक ढिगाचा रंग पिवळसर होत जातो आणि भाव करणाऱ्यांचे आवाजही जरा मऊ होतात.

कडूबाईंच्या शेजारी जमिलाबी बसत. त्या ओल्या शेंगा विकत. दोघींची ताडपत्री एकमेकींना लागून असे, भाकरी एकत्र सुटे. जमिलाबींच्या घरी त्यांच्या सासूची लोखंडी अधोली होती, माझ्याच मापाची. पण ती जड. म्हणून त्या घरी पोतं मोजून आणत आणि बाजारात मला उसनी घेत. विचारायचीही गरज नसे. हात लांब करून उचलत. त्यांच्या हातात मी गेले की पहिलं माप 'लाभ' नसे, 'बरकत' असे. बरकत, दोन, तीन. मला दोन्ही सवयीचं होतं.

धोंडीबा नावाचे एक म्हातारे दर बाजारला येत, घेत थोडं आणि बोलत फार. ते म्हणत, "काय गं बायांनो, ह्या अधोलीला तुमी दोन शाळांत घातलंय. एकीकडं लाभ, एकीकडं बरकत. हिला घरी गेल्यावर काय म्हणायचं ते कळत नसंल."

"तिला कळतंय," जमिलाबी म्हणत. "तुमालाच कळत न्हाय धोंडीबा, एक शेर घेता आन् दोन शेर खाता."

आता मी ज्या गोष्टीसाठी बोलायला बसले ती सांगते.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी कडूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. ऑपरेशनसाठी त्या उमरग्याला लेकीकडे गेल्या आणि पावसाळाभर तिथंच राहिल्या. बाजारात त्यांच्या जागी त्यांचा मुलगा दिग्विजय बसू लागला. दिग्विजय वाईट नव्हता. तो कष्टाळू होता, गोड बोलत होता. पण शीग त्याला सहन होत नसे. आई असतानाही तो कुरकुरायचा.

"आई, काठापर्यंत ते माप. वरचं कशाला? हा काय धर्मादाय हाय का?"

"शीग न्हाय लावली तर लोक अधोली कशाला घेतील रे? काट्यावरनंच घेतील की."

"मग घेऊ दे काट्यावरनं."

"तुझ्या बापानं कधी हात आखडला न्हाय," कडूबाई म्हणायच्या, आणि तिथं बोलणं संपायचं.

आई नसताना त्याने एकदोन बाजार शीग न लावता करून पाहिले. गिऱ्हाइकांनी तोंड वाकडं केलं. "तुझी आई येऊ दे, मग घेऊ," असं म्हणून बायका पुढे गेल्या. दिग्विजयच्या लक्षात आलं, शीग काढता येणार नाही. ती सगळ्यांना दिसते. पण बूड कुणाला दिसत नाही.

एका दुपारी त्याने मला अंगणात पालथं घातलं. माझ्या बुडावर पोत्याची घडी ठेवली, म्हणजे आवाज होणार नाही, आणि हातोडीने ठोकायला सुरुवात केली. मधोमध आधी, मग कडेकडेने. इतकी वर्षं धान्याने बाहेर ढकललेलं माझं बूड आत गेलं, सपाट झालं आणि सपाटीवरही थांबलं नाही. आत घुमटासारखं उभं राहिलं. त्याने मला सरळ केलं, आत हात घातला, घुमट चाचपला. मग ज्वारी भरून पाहिली. समाधान झालं तेव्हा थांबला.

मित्रांनो, मला दुखलं, पण तांबटाच्या हातोडीनेही दुखलंच होतं. फरक एवढाच की त्या हातोडीने मला खरं केलं होतं आणि या हातोडीने खोटं केलं. जितकं वर शिगेत जायचं, जवळजवळ तितकंच आता खालून कमी झालं होतं. गिऱ्हाईक शीग पाहून खूश व्हायचं आणि घरी कमी घेऊन जायचं. त्यात माझा हात नव्हता. पण खोटं माझ्या पोटातून जात होतं.

मी वाट पाहत राहिले. मनाशी म्हणत होते, कडूबाई येतील. त्यांचा हात लागला की त्यांना कळेल.

त्या आल्या. नव्या मुगाच्या पहिल्या बाजारला, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. ओळीतल्या सगळ्या बायका भेटायला आल्या. जमिलाबींनी त्यांच्या हनुवटीला हात लावला. "चष्म्यात तू मास्तरीण दिसतीस गं."

"दिसतंय मातर लख्ख. तुझी पोती किती मळलीत ते बी दिसतंय," कडूबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

मग त्यांनी मला उचललं. मी श्वास रोखला, अर्थात माझ्या परीने. त्यांचा तळहात माझ्या काठावरून फिरला. काठ तोच होता. त्यांनी मला ताडपत्रीवर ठेवलं आणि त्या खूश झाल्या. "अगं बाई, ही आता डुलत न्हाय! जागा सपाट केली का रे दिग्या?"

"व्हय, माती ओढली जरा," दिग्विजय म्हणाला.

जागेत काही बदललं नव्हतं. बूड आत गेल्यामुळे मी आता बुडाच्या कडेवर टेकत होते, म्हणून स्थिर बसत होते. पण तो नवा स्थिरपणा कडूबाईंना आवडला. त्यांनी दाण्यांचा ओंजळभर ढीग हाताने सारखा केला आणि मला भरायला घेतलं. "लाभ," त्या म्हणाल्या. शीग लावली, हात न आखडता. समोरची बाई समाधानाने पिशवी उघडून उभी होती. माझ्या पोटातल्या घुमटाबद्दल दोघींनाही काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी दिवसभर कडूबाईंनी सगळ्यांना मनापासून कमी दिलं.

दुपारनंतर जमिलाबींनी हात लांब करून मला घेतलं. त्यांनी घरी दहा अधोल्यांचं पोतं मोजून आणलं होतं. सून अलिजा जोडीला होती. विक्री चांगली झाली. दहा मापं गेली तरी पोत्याच्या तळाशी शेंगा उरल्या, जवळजवळ आणखी एक अधोली.

"घरी मोजताना चुकलीस तू," जमिलाबी सुनेला म्हणाल्या.

"नई अम्मी. दोनदा मोजलं मी."

जमिलाबींनी उरलेल्या शेंगा हाताने चाचपल्या. दुसऱ्या कुणाला शेंगा जास्त भरल्याचा आनंदच झाला असता. पण मी त्यांना ओळखते. त्यांनी मला हातात फिरवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि परत ठेवलं.

पुढच्या बाजारला त्या आल्या तेव्हा त्यांनी स्वतः, सासूच्या लोखंडी अधोलीने पोतं मोजून आणलं होतं. पुन्हा दहा. आणि बाजारात पुन्हा अकरावी भरत आली. तेव्हा त्या उठल्या आणि मला घेऊन कडूबाईंसमोर येऊन बसल्या. धोंडीबा तिथंच चवळी चाचपत उभे होते. आणखी दोघीतिघी गिऱ्हाइकं होती.

"कडूबाई, हिच्यात काय तरी झालंय बग."

"काय झालंय?"

"माझं दहाचं पोतं हिच्यानं अकरा व्हतंय. दोन बाजार झाले. म्हंजे म्या लोकांला कमी दिलं की गं. अल्लाशपथ, मला ठावं नव्हतं."

आवाज फार मोठा नव्हता, पण ओळीत तेवढा पुरतो. माना वळल्या. जमिलाबींनी मला पालथं केलं. माझं बूड उन्हात सगळ्यांना दिसलं. बशीसारखं खोलगट, आणि त्यावर हातोडीचे गोल गोल ठसे, एकाशेजारी एक.

कडूबाईंनी चष्मा वर सरकवला. मग बोटं टेकवली. त्यांची बोटं माझ्या बुडावरून सावकाश फिरली, ठशाठशावरून. तीस-पस्तीस वर्षं त्या मला हाताळत होत्या. धान्य बूड बाहेर ढकलतं, आत नव्हे, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनीच तर एकदा नवऱ्याला दाखवलं होतं. त्यांची बोटं थांबली. त्यांनी मान वर केली आणि दिग्विजयकडे पाहिलं. तो पोत्याचं तोंड बांधत होता. ज्या पोत्याचं तोंड आधीच बांधलेलं होतं, ते पुन्हा बांधत होता.

मला वाटलं, आता त्या बोलतील.

त्या बोलल्या. "लई जुनी झाली ओ ही," कडूबाई म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "आपटून आपटून हिचं बूड वर आलंय. म्या ही आशी आंधळी, मला दिसलं न्हाय. अधोलीच खोटी निघाली."

अधोलीच खोटी निघाली.

मित्रांनो, पुढचं सगळं मला नीट आठवतं, कारण त्या वाक्यानंतर मला दुसरं काही करताच येत नव्हतं. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. म्हातारी झाली म्हणजे व्हायचंच, असं कुणी म्हणालं. धोंडीबांनी काठीने मला टोकलं. "मोडीत घाला म्हातारीला. आमालाबी घाला म्हणतील उद्या पोरं." लोक हसले. दिग्विजयही हसला, सगळ्यांच्या नंतर.

जमिलाबी हसल्या नाहीत. त्यांचा अंगठा माझ्या बुडावरच्या एका ठशात होता. दगडावर आपटून असा गोल ठसा पडत नाही, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी कडूबाईंकडे पाहिलं. कडूबाईंनी चष्मा परत खाली ओढला होता.

"व्हय," जमिलाबी हळू म्हणाल्या. "आसंल तसं."

त्या आपल्या जागेवर गेल्या. मग त्यांनी जे केलं ते बाजाराला वेडेपणाचं वाटलं. त्या उभ्या राहिल्या आणि हाका मारू लागल्या. "मागल्या बाजारला आन् आज माझ्याकडनं कुणी शेंगा नेल्या? माप कमी भरलंय. इकडं या, पसा पसा घेऊन जा." काही बायका आल्या. ज्यांनी घेतलंच नव्हतं अशीही दोघं आली असावीत. जमिलाबींनी विचारलं नाही. अलिजा पोतं धरून उभी होती, सासू ओंजळी भरून देत होती. पोतं रिकामं झालं तेव्हा त्यांनी ते झटकलं आणि घडी घातली.

कडूबाई मूग निवडत बसल्या होत्या. त्या मुगात निवडण्यासारखं काहीच नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी मला चुलीजवळ ठेवलं आणि दिग्विजयला समोर बसवलं. मी ऐकत होते.

"कशाला केलंस?"

"म्या चोरी न्हाय केली आई. वर जेवढं फुकट जातंय तेवढंच खालनं काढलं. हिशेब बरुबर केला फक्त."

"तुझ्या बापाचं नाव लिंबाखाली कसं घेत्यात, ठावं हाय न्हवं?"

"म्हणून तर मी सांगितलं न्हाय तुला." तो खाली पाहत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "तू मला वाचवलंस आज."

कडूबाईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "तुझं नाव घेतलं असतं तर तू पुन्हा त्या बाजारात बसला असतास का? पोटचं पोर हाईस. ही काय, भांडं हाय."

मित्रांनो, दिग्विजयने मला ठोकलं याचा राग मला कधीच आला नव्हता. त्याने माझं बूड घेतलं. पण माझं नाव घेतलं कडूबाईंनी, आणि तेही सगळं कळल्यावर, माझ्यावर हात ठेवून. ज्या हाताने मी खरी आहे असं वर्षानुवर्षं लोकांना दाखवलं, त्याच हाताने मी खोटी आहे असं सांगितलं. मला राग आला नाही. त्यापेक्षा वाईट काहीतरी झालं. कुणाच्याही हातात जाण्याची मला भीती वाटू लागली.

त्यांनी मला मोडीत घातलं नाही. कदाचित धजल्या नसतील. पुढच्या बाजारला दिग्विजयने आकडे दाखवणारा काटा आणला, आणि वारा आला की ताडपत्री उडते म्हणून मला तिच्या एका कोपऱ्यावर पालथं ठेवलं. तेव्हापासून मी तिथं असते. सगळा बाजार मला दिसतो. नवा मूग येतो, सीताफळं येतात, झेंडूचे ढीग लागतात. जाताजाता कुणीतरी म्हणतं, "ही ती खोटी अधोली का?"

त्या पहिल्या काट्याच्या दिवशी बाजार उठताना जमिलाबी पिशवी घेऊन आल्या. दर वर्षी या दिवसांत त्या कडूबाईंकडून वर्षभराचा मूग नेतात. आजवर कधी मागितलाही नव्हता. कडूबाईच भरून द्यायच्या, शिगेवर शीग लावून, आणि जमिलाबी 'बास गं, बास' म्हणत राहायच्या.

"मूग दे," जमिलाबी म्हणाल्या. "काट्यावर दे."

कडूबाईंनी तोलला. आकडा आला तसा थांबल्या. मग त्यांनी ढिगातून मोठी ओंजळ भरली आणि जमिलाबींच्या पिशवीत ओतली. दुसरी भरली, तीही ओतली. घाईत थोडा मूग बाहेर सांडला.

जमिलाबींनी पिशवीत हात घातला. एक ओंजळ काढली, परत ढिगावर ठेवली. दुसरी काढली, तीही ठेवली. मग खाली सांडलेले दाणे एकेक करून वेचले आणि तेही ढिगावर टाकले.

"तोलला तेवढाच दे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. गिऱ्हाईक बोलतं तसा आवाज होता.

कडूबाई त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिल्या. दिग्विजयने काट्याची वायर गुंडाळली. आता दोघींच्या ताडपत्र्यांमध्ये हातभर जागा सुटलेली असते. लोक तिथून ये-जा करतात. चांगली वाट झाली आहे.

मित्रांनो, माझी तुम्हांला एकच विनंती आहे. वस्तू जुन्या होतात, झिजतात, हे खरं आहे. आम्हांला जपा, घासा, दुरुस्त करा, एवढं तर प्रत्येक जुनी वस्तू सांगते. मी थोडं वेगळं सांगते. तुमच्या घरात काही फुटतं, वाकतं, बिघडतं, तेव्हा 'ते आपोआप झालं' असं म्हणायच्या आधी क्षणभर थांबा. आपोआप फार थोड्या गोष्टी होतात. बहुतेक वेळा कुणाचा तरी हात लागलेला असतो, कधी तुमचा, कधी तुमच्या लाडक्या माणसाचा. तेव्हा समोरची मुकी वस्तू दोषी ठरवणं फार सोपं असतं. ती उलट बोलत नाही, रडत नाही, आणि पाहणाऱ्यांनाही ते पटतं. पण ज्याला खरं ठाऊक असतं असं एक माणूस बहुधा तिथंच उभं असतं. ते भांडणार नाही. तुमचं म्हणणं मान्यही करेल. आणि त्यानंतर तुमच्याकडून जेवढं तोललं तेवढंच घेईल.